हवा थांबली का?

कमल,

आपण दोघांनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजे सायकलच्या मागच्या चाकात चीक टाकणं. लोकांचं शेवटचं काही तरी चांगलं असते. कोणी देवाले जाऊन येते, कोणी लेकराबाळाचं दोन शब्द बोलते. आपलं चाक होतं. आता त्याले मी काय करू?

वावरातून येऊन हातपाय धुतले होते. ऊन अजून ओट्यावर चढलं नव्हतं. तू पाटावर बसली, मी चाक दोन गुडघ्यात धरून समोर. बारक्या चावीनं तू हवा भराच्या व्हॉलमधली पिन काढली अन् दातात धरली. मी म्हणलं, "गिळशीन वं." तू दातातूनच बोलली, "तुमच्या हाती देली तं दिवाळीची सफाई करतानी सापडीन." मंग ढोराच्या औषधीच्या दुकानातून आणलेली ती जाडी सिरिंज, सुई नसलेली, तिच्यानं तू चीक आत सोडला. बाटली हालवाचं काम नेहमी तुहंच. हालोली नाई तं चीक बुडी बसते अन् वरचं नुसतं पाणी चाकात जाते, असं तू म्हणे. त्या दिवशी थोडी हालोली अन् माह्या हाती देली. "घ्या, माहा हात भरून आला." मी घेतली. हालोली. बाटली हालोली का हात भरूनच येते, त्यात इचाराचं काय?

पिन बसोली, मी पंप मारला, अन् चाक बादलीवर आडवं ठेवलं. तू चहा ठेवाले आत गेली. चुलीजवळून तुहा नेहमीचा आवाज आला, "थांबली का?"

मी कान लावला. वरच्या बाजूनं बारीक सूं चालूच होती. म्हणलं, "नाई अजून."

"मंग कूस बदलजा त्याची."

अन् आत भांडं पडलं.

पुढचं मी लिहत नाई. जीप, दवाखाना, तो लोखंडाचा थंडगार स्ट्रेचर. दुपार व्हायच्या आत सगळं झालं होतं. संध्याकाळी तुले पोचोलं. तुह्यावर आपल्याच वावरातला झेंडू होता, तुनंच दोन दिवस आधी तोडून ठेवलेला. बाजारात न्यायचा होता.

सुनीता म्हणते, "बाबा, तुमी बोलून नाई राहिले, रडूनही नाई राहिले. लिहा तरी." चौथी शिकलेल्या माणसाले पोरगी लिहाले लावते. पण तिचंही बरोबर हाये. ती अकोल्यावरून आली तशी माह्या तोंडाकडं पायते, अन् मी चाकाकडं पायतो. तं लिहून राहिलो. तुह्याशीच बोलाचं हाये तं चुका झाल्या तरी तू समजून घेशीन. माहं वाचून तू हसत होतीच. बियाण्याच्या पुड्यावर मी नाव लिहिलं का तू म्हणे, "हे सोयाबीन हाये का साबुदाणा?"

चीक म्हणलं का सुनीताले कुरोडीचाच आठवीन, अन् हे वाचीन ती पयले, म्हणून तिच्यासाठी सांगून ठेवतो. तुह्या माईच्या सायकलच्या टायरात ट्यूब नसते. टायर अन् रिंगच्या मधात नुसती हवा असते अन् तिच्यासंगं पांढरं दुधासारखं औषध. काटा घुसला का ते औषध हवेसंगं भोकाकडं धावते अन् तिथं गोठून बसते. दुकानदार त्याले सीलंट म्हणते. तुह्या माईनं पयल्यांदा पायलं अन् म्हणली, "अवो, हा तं गव्हाचा चीक हाये, कुरोड्यायचा!" तवापासून आमच्या घरी त्याचं नाव चीक.

ही सायकल तुह्याच घरची ना सुनीता. अकोल्याले तुह्या ऑपरेशनच्या वक्ती आमी आलो होतो. जवाईबापूनं तब्बेत कमी करासाठी मोठ्या हौसेनं जाड्या टायरची पहाडी सायकल घेतली होती, अन् आता तिच्यावर टॉवेल वाळत होते. तुह्या माईनं एक एक टॉवेल उचलला, घडी केला, अन् सायकलच्या भोवती फिरून आली. म्हणली, "कावून वाळवून राहिले हिले?" जवाई हासले. "आत्याबाई, न्या तुमी. चालवता येते का?"

कमल, तू सायकलचं हँडल धरलं. साडीचा काष्टा खोचला अन् गेटच्या बाहीर निंघाली. वरूडच्या संत्र्याच्या बागायमंधी तू लहानपणी भावाच्या सायकलवर कैची मारे, दांड्याखालून पाय घालून, हे मी आयकून होतो. पण पायलं तवा होतं, त्या दिवशी, अकोल्याच्या त्या गल्लीत. कोपऱ्यावर गेली, दिसेनाशी झाली. सुनीता घाबरली, टाके पकडून उठली, "बाबा, जा ना मांगं!" मी म्हणलं, येते. मले काय भरोसा होता काय माहीत. तू आली तं तोंड लाल, अन् पोरीसारखी हासत. "ब्रेक लय कडक हायेत हिचे, पडलो असतो."

तसं पायलं तं गोष्ट तिथंच संपाले पायजे होती. सायकल आपल्या गावी आली, घरी राहीन, पोराबाळाईले चक्कर मारू देऊ, असं मले वाटलं होतं. तू सकाळी उठून वावरात जाऊ लागली तिच्यावर. भातकुलीच्या रस्त्यानं, पुलापासून आत आपल्या पांदणीनं. माह्या गाडीच्या आधी तू पोचे. मी स्कूटरवर, ढोरायच्या मांगं, हॉर्न वाजवत. तू पांदणीत चिखल असो का दगड, टकटक टकटक निंघून जाये.

पण पांदणीत सराटे. एका काट्याचे तीन तोंडं, कसाही पडला तरी एक वर. आज पुढचं चाक, उद्या मांगचं. ट्यूबले ठिगळावर ठिगळ बसून ती गोधडी झाली. पुलाजवळचा पंक्चरवाला, आपला सलीम, तोच म्हणला, "चाची, ये ट्यूब का काम नहीं रहा. ट्यूबलेस करवा लो." त्यानंच रिंगले टेप लावली, नवा व्हॉल बसवला, कांप्रेसरनं एकदम हवा मारली. टायर रिंगवर बसलं तसा टाक्‌ टाक्‌ आवाज झाला अन् तू दोन पावलं मांगं सरली. मंग म्हणली, "हे बसताना बोलते वो."

त्याच्यानंतर सलीमकडं जायची गरज कमीच पडली. तू सगळं घरी करू लागली. मी पाये. महिना-दीड महिना झाला का तू चाक काढून कानापाशी नेऊन हालवे, नारळ घेतानी हालवतो तसं. डुचुक वाजलं तं चीक हाये. नाई वाजलं तं वाळला. आपल्याकडच्या उन्हात तं चैत-वैशाखात चीक असा वाळे का आतमंधी नुसते रबराचे पापुद्रे. हवा तू कधी पंपाच्या घड्याळावर नाई पायली. आंगठ्यानं दाबे. डांबरीवर जायचं असलं तं थोडी कडक, पांदणीत जायचं तं थोडी नरम. म्हणे, "भाकरीचं पीठ कसं, तसं पायजे."

अन् मी काय केलं ते तुले आठवते. सगळ्या गावाले आठवते. उन्हाळा होता, बाटली संपली होती, दुकानदार म्हणे माल मागोला हाये, येईन. तुहं जाणं थांबलं, तोंड उतरलं. मले वाटलं, चीक म्हंजे चीक. आपल्या बांधावर रुई मोप हाये. वाटी घेऊन गेलो, पानं तोडतोडून चीक गोळा केला, डोळ्यात जाऊ नये म्हणून तुहाच गॉगल लावला. घरी आलो, सिरिंजनं चाकात भरला, पंप मारला. हवा राहिली! मी छाती फुगवून बसलो. म्हणलं, आता आपल्याले दुकानाची गरज नाई.

दुसऱ्या दिवशी तू पांदणीत गेली तं चाक लंगडत चाललं. आत रुईच्या चिकाचा गोळा झाला होता, दह्यासारखा, अन् वास असा का कुत्रं जवळ येईना. तू टायर उघडलं, खरडत बसली, अन् खरडता खरडता हसू लागली ते थांबेचना. सगळ्याईले सांगत सुटली, "आज शनवार हाये ना, लोकं मारुतीले रुई वायतात, आमच्या यायनं सायकलले पाजली." त्याच्यानंतर कित्येक शनवारी सकाळी तू सायकल बाहीर काढतानी माह्याकडं पाहून म्हणे, "आज हिचा उपास हाये, रुईशिवाय काही देऊ नका."

आता येणाऱ्या शनवारी मले हे कोण म्हणीन?

कपड्याची गोष्ट वेगळी. ते सायकलच्या मांगून आलं. साडीचा पदर चाकात गेला अन् तू पुलाच्या उतारावर पडली, तळवे सोलले. त्याच्यानंतर तू म्हणली, "मले नीट सामान पायजे. मी काही पोट्टी नाई, पडलो तं मोडीन." मी तुले अमरावतीले दुकानात नेलं. दुकानदार पोट्टा बरा होता, पण तुह्याकडं पाहूनच म्हणला, "आजी, नातवाची साईज सांगा."

तू म्हणली, "नातू अकोल्याले झोपला हाये. मी उठलो हाये. माही घे."

हेल्मेट तुह्या अंबाड्यावर बसेचना. वरच्या वर डुले, टोपलं ठेवल्यासारखं. पोट्टा मोठी साईज आणे तं नाकावर येये. तो बिचारा सांगून राहिला होता, भिवयीच्या वर दोन बोटं राहिली पायजे, पट्ट्याखाली एक बोट गेलं पायजे, मान हालोली तं हे हाललं नाई पायजे. तू आयकलं. मंग तिथंच, दुकानाच्या आरशासमोर, अंबाडा सोडला अन् वेणी घातली. लग्नात पायली होती तुही वेणी, त्याच्यानंतर तवा. पांढरी झाली होती, पण वेणीच होती. मी रस्त्याकडं पायलं. दुकानात मी काय बोलणार होतो.

बसाची गादीवाली चड्डी पाहून मीच म्हणलं, "हे काय लंगोट हाये का?" तो पोट्टा लाजून लाल झाला, त्याले तुले सांगाचं होतं का ही आतल्या कपड्याशिवाय घालाची असते, नाई तं घासते, अन् त्याच्या तोंडातून निंघेना. तुनंच त्याले मोकळं केलं. "सांग रे बावा, माह्या पोरीपेक्षा लहान हायेस तू." मंग तू ती सलवारीखाली घालून बाहीर आली अन् दुकानाच्या मधोमध उकिडवी बसली, निंदाले बसते तशी. उठली. बसली. दोन्ही हात पुढं करून खुरपं चालोल्यासारखं केलं. म्हणली, "ज्याच्यात निंदता येते त्याच्यात सायकलही चालवता येते." माह्या मते ह्याच्यापेक्षा मोठं ज्ञान त्या दुकानात नव्हतं. पण जोडे तू त्याचेच आयकून घेतले, कडक तळाचे, पायडलवर पाय वाकत नाई ते. अन् सलवारीचा पायचा साखळीत जाऊ नये म्हणून तू त्याची क्लिप नाई घेतली, हाराचा दोरा बांधला. तो दोरा अजून हँडलले गुंडाळलेला हाये.

जाकीट घेतानी तू झेंडूचा रंग घेतला. मी म्हणलं, भडक हाये. तू म्हणली, "ट्रकवाल्याले दिसलो पायजे, तुमाले नाई." झालं उलटंच. झेंडू फुलला तवा मी वावराच्या धुऱ्यावर उभा राहून हाका मारे, अन् तू त्या फुलायमंधी वाकलेली, जाकीट फुलात मिसळून गेलेलं, मले दिसेच ना. तू मुद्दाम ओ देये नाई. मी चिडलो का मंग माह्याजवळच उभी राहे, फुलायमधून, "हातभर तं हाओ!"

त्या दिवशी तुले झेंडूनं झाकलं होतं तवा मले तेच वाटत होतं. कोणाले सांगू. सगळे रडून राहिले होते अन् मी वाट पाहून राहिलो होतो, आता उठीन, हातभर तं हाओ म्हणीन.

आपला एक वाद बाकी राहिला. तो मिटाचा होता. मी म्हणत होतो, चीक असो का काही असो, पिशवीत एक ट्यूब ठेव. मोठा दगड लागला, टायर फाटलं, तं तुहा चीक काय करीन? तू म्हणे, मले वाती हायेत. वाती म्हंजे ते चिकट दोरे, मोठं भोक पडलं तं सुयीनं आत कोंबाचे, निरांजनात वात लावते तसे. मी म्हणे, वातीनंही नाई थांबलं तं? तू म्हणे, "चाळीस वर्ष तुमच्या भरोशावर काढले, दोन महिने चिकाच्या काढतो." अन् मले बोलू नाई देये.

पण माहं म्हणणं खरं काय होतं ते तुले कधी नीट सांगता आलं नाई. आज सांगतो. ट्यूब फुटली का समजते. फट्‌ होते, सायकल बसते, माणूस खाली उतरते, पायते, काही तरी करते. तुह्या ह्या टायराचं काहीच समजत नाई. आत काटे घुसतात, आतल्या आत गळते, आतल्या आत बुजते, अन् वरून चाक टकटक चाललं. तू तं खुश होऊन दाखवे, टायरवरचे पांढरे ठिपके. "हे पहा, इथंही काटा होता, इथंही होता, मले पत्ताच नाई." मले त्या ठिपक्यायचा भेव वाटे. मी म्हणे, पत्ता लागाले पायजे. तू म्हणे, पत्ता लागून काय करता, चालू तं हाये ना.

डॉक्टर म्हणला, मावशीच्या छातीच्या नळ्या लय दिवसापासून बंद होत आल्या असतीन. त्यायले काही तरास होत असीन ना? मी काय सांगू? त्यानं मले इचारलं अन् मी सुनीताकडं पायलं, सुनीतानं माह्याकडं. तुले कुठी दुखत होतं का वं? पुलाचा चढ चढतानी तू मधात उतरून चालत येऊ लागली होती, म्हणे चेन पडते. चेन पडत होती का? रात्रीचं जेवण कमी केलं, म्हणे पोट हलकं असलं तं पायडल हलकं. पायडलच होतं का? तुह्या आंगावर कुठी पांढरा ठिपका असता तं मी पायला असता. मले सगळं दिसते, दिसलं तं. तू दाखोलंच नाई. मले राग आला हाये तुहा. सगळे म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नाई. मी धरतो. त्याच्याशिवाय माह्याजवळ काय राहिलं?

मोर्शीची बाई आली होती, माही मोठी बहीण. तुले ठाऊक हाये तिचं तोंड. संध्याकाळी तुले पोचवून आलो, आंघोळी झाल्या, सगळे बसले, अन् ती ओट्यावरच्या सायकलकडं पाहून सुरू झाली.

"साठी झाली, नातवंडं खेळवाचे दिवस, अन् बाई सायकल उडवे. मंग काय होईन? छातीवरच येईन. मी सांगतलं होतं मागच्या राखीले."

जवाई मान खाली घालून बसले होते. सायकल त्यायची, तं त्यायले वाटून राहिलं होतं का आपणच मारलं. सुनीता त्यायच्याकडं पायतही नव्हती. मी पाहून राहिलो होतो, अन् मले काही करता येत नव्हतं.

बाई म्हणली, "जवाई, तुमची वस्तू तुमी घेऊन जा बावा. घरात डोळ्यापुढं नको. नाई तं कोणाले देऊन टाका."

जवाई म्हणले, "मामाजी, मी उद्या गाडीत टाकून नेऊ का?"

मी म्हणलं, "बाई, सायकलनं नाई मारलं तिले."

"मंग कोणं मारलं?"

मी एवढंच म्हणलं, "सायकलवरून ती हासत येये. तुह्या घरून कधी हासत आली नाई."

बाई रडू लागली. मंग मलेच वाईट वाटलं. ती काही खोटी नाई. ती पण तुह्यासाठीच बोलून राहिली होती, तिच्या पद्धतीनं. पण सायकल न्यायचं मी हो म्हणलं नाई, नाईही म्हणलं नाई. मले सुचेचना. ठेवून तरी काय करू? मले काय येते त्यातलं? मी चाक धरत होतो. पंप मारत होतो. "थांबली का" इचारलं तं सांगत होतो. चीक किती टाकाचा हे तुनं कधी मापून सांगतलं नाई, हाताच्या अंदाजानं टाके. कवा वाळते, कवा पुन्हा टाकाचा, तुह्या कानाले समजे, माह्या कानाले नाई. बाटलीत एका डावाचा चीक उरला हाये. तो वाळला का मंग मी काय करू? पुन्हा रुईच्या बांधावर जाऊ?

स्वयंपाकघरात गेलो तं तसंच. मीठ कुठी हाये हे शोधलं अन् तुह्या वाती सापडल्या, देवाच्या वातीच्या डब्यात ठेवलेल्या, काळ्या, चिकट. पांढऱ्या वातीच्या शेजारी. कोणत्या कशाच्या हे तुलेच माहीत. बाईनं दिव्याले वात मागतली तं मी डबाच लपोला. लहान पोरासारखा. तिनं शेवटी पदराच्या सुताची केली.

आता दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं सांगतो. मंग थांबतो, हात दुखून राहिला. डावा नाई, लिहाचा हाये. भेऊ नको.

मी उठलो तं उजाडलं होतं. तुह्या जायच्या येळी माही झोप मोडते, ती मोडलीच. ओट्यावर गेलो. चाक तसंच बादलीवर आडवं, तू सांगतलं होतं त्याच्या आधीच्या कुशीवर. रात्रभर कोणी हात लावला नव्हता, कोण लावीन? आंगठ्यानं दाबलं तं पिकल्या सीताफळासारखं दबलं. हवा सगळी गेली होती. आवारात जवाईची गाडी उभी होती, मांगचं दार उघडं. सायकल टाकाले त्यायनं सीट वाकोली होती. आत बाई कोणाले तरी सांगत होती का आता भाऊ एकटा पडला, याले मोर्शीले नेतो मी.

मी पाटावर बसलो. तुह्या पाटावर. माह्या जाग्यावर दुसरं कोणी नव्हतं, म्हणून चाक मीच दोन पायात धरलं अन् मीच पंप लावला. पंप मारता मारता दम लागला. हवा भरली तशी वरच्या बाजूनं सूं सुरू झाली, तीच कालची. मंग मी चाक उचललं. आत चीक डुचुक वाजला. तुह्या हातानं टाकलेला, अजून ओला होता. उलटं केलं, दुसऱ्या कुशीवर बादलीवर ठेवलं, अन् खाली वाकून कान लावला.

सूं चालू होती. मी तसाच वाकून राहिलो. गुडघे दुखले. जवाई गाडीपाशी आले, मले पायलं, अन् काही न बोलता गाडीचं दार हळूच लावून घेतलं. सूं बारीक झाली. आणखी बारीक. मंग मले वाटलं आली, नाई आली, आली. मंग नाईच आली.

मी स्वयंपाकघराकडं तोंड केलं अन् मोठ्यानं म्हणलं, "थांबली वं!"

आतले सगळे बोलाचे थांबले. बाईही थांबली. तू अशा वक्ती म्हणे, "मंग या, चहा झाला." कितीक वर्ष तेच म्हणे. मी चाकावर हात ठेवून बसलो.

लय वेळानं सुनीता दारात आली. शेजारणीनं आणलेल्या केटलीतला चहा, हातात ग्लास. तिले आपलं काहीच ठाऊक नाई. ती म्हणली, "बाबा, चहा."

मी उठलो, हात धुतले, अन् घेतला.